छातीच्या एका मापावर ब्लाऊज? आधी टेप नीट लावा

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली की आमच्या जळगाव-धुळ्याकडच्या शिवणकामाच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. ‘टेप एकदाच लावा. छातीचा सहावा भाग म्हणजे मुंढा (बाही जोडायची गोलाई). त्यात एक इंच मिळवा, ते अर्धं शोल्डर. काखेत काचलं तर मुंढा अर्धा इंच खोल करा, छातीत आवळलं तर बगलेची शिलाई उसवा. दहा मिनिटांत कटिंग!’ खाली टाळ्यांची रांग.

आधी तो सहावा भाग बघू. 36 छातीला अर्धं शोल्डर 7, पूर्ण 14. पुष्कळ जणींना हे बसतं, म्हणून तर मेसेज खरा वाटतो. आता 42 लावा. अर्धं 8, पूर्ण 16. बाळंतपणानंतर 36 ची 42 झालेली बाई डोळ्यांसमोर आणा. अंग भरलं ते छातीला, पाठीला, दंडाला. खांद्याची हाडं काही दोन इंच सरकली नाहीत. मग बाहीचा जोड दंडावर लोंबतो, गळा पसरतो आणि बाई लग्नात जेवताना खांदा सावरत बसते. शोल्डर टेपनेच घ्यायचं, पाठीमागून, या हाडापासून त्या हाडापर्यंत.

आणि 38 म्हणजे तरी कोणती 38? काखेखालून, उभाराच्या वरून टेप फिरवा. एकीची वरची छाती 37 भरते, दुसरीची 34. हिशोब दोघींना एकच कागद देतो. दुसरीचा कागद वरच्या छातीवर काढायचा आणि जागा फक्त पुढे करायची. बगलेत टक्स (उभाराला जागा देणारी टोकदार चूण) असलेला पुढचा भाग खाकी कागदावर घ्या. टक्स पॉइंटपासून, म्हणजे उभाराच्या टोकापासून, सरळ खाली कमरेपर्यंत एक रेघ, त्याच पॉइंटपासून मुंढ्याच्या खालच्या वळणापर्यंत दुसरी. कात्री चालवा, पण मुंढ्याच्या कडेला कागद जरासा जोडलेला राहू द्या. बगलेचा टक्सही मधोमध पॉइंटपर्यंत कापा. एकूण दोन इंच कमी पडत असेल तर एक इंच फाकवा, कारण पुढचे भाग दोन. हुकपट्टीकडची बाजू खाली आखूड पडेल, तेवढा कागद जोडा. टक्स खोल होतो. खांदा आणि गळा जागचे हलत नाहीत. शिवताना टक्सचं टोक पॉइंटच्या अर्धा-पाऊण इंच अलीकडे थांबवा, नाहीतर तिथे चोच निघते.

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य मात्र मुंढ्याचं. ‘काखमा काचस’ म्हणत बाई आली की कात्री आपोआप मुंढ्याकडे वळते. मुंढा खाली गेला की बाहीचा जोडही खाली जातो. मग हात वर केला की बाहीबरोबर अख्खी बगल ओढली जाते, ब्लाऊज वर चढतं. कपडे वाळत घालणारी, फळीवरचा डबा काढणारी बाई अशा ब्लाऊजला शिव्याच देणार. आधी चुण्या बघा. गळ्यापासून काखेकडे तिरक्या जात असतील तर खांदा उतरता आहे: खांद्याचं बाहेरचं टोक पाव इंच उतरवा आणि मुंढ्याचा तळही तेवढाच, म्हणजे गोलाई तीच राहते. चुण्या उभाराकडे रोखलेल्या असतील तर छातीला जागा नाही, मुंढ्याचा काही दोष नाही. दंडाला आवळत असेल तर बाही रुंद करायची.

बगल उसवणं? माया (शिलाईच्या आतलं जादा कापड) सोडली असेल तर रुंदी मिळते, पण मागेपुढे सारखीच. उभारावरून खाली यायला जी लांबी लागते ती बगलेतून कुठून येणार? पुढची, उभाराखालची पट्टी वर चढलेलीच राहते.

दहा मिनिटांचं म्हणाल, तर कापायला लागतातही तेवढीच. पण टू बाय टूचं सुती कापड असेल तर आधी भिजवून वाळवायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं. नवीन गिऱ्हाइकाचं मांजरपाटावर कच्चं शिवून अंगावर घालून बघायचं, हात वर करायला लावायचा. अखाजीच्या गर्दीत तेवढा वेळ नसेल तर निदान वरची छाती आणि शोल्डर वहीत वेगळं लिहा, आणि माहेरवाशीण पुढच्या वर्षी आली की पुन्हा मोजा.