रजा दान करण्याआधी आजारी सहकाऱ्याचं सेवापुस्तक उघडा

जळगाव-धुळ्याकडच्या कर्मचारी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : "गंभीर आजारी सहकाऱ्याला आपली शिल्लक आजारी रजा दान करा, साध्या कागदावर अर्ज पुरे. नाहीतर बिचाऱ्याचा पगार बंद होतो." ओळखीतल्या एका शिपायाला कर्करोग निघाला, तेव्हा दोघं-तिघं असाच अर्ज लिहून माझ्याकडे आले. "आप्पा, मनी रजा त्याले दी टाका ना!" मन मोठं, पण कागद बिनकामाचा.

महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मध्ये एकाच्या खात्यातली रजा दुसऱ्याच्या खात्यात टाकायची सोयच नाही. आपण जिला आजारी रजा किंवा 'मेडिकल' म्हणतो, ती सेवापुस्तकात, म्हणजे नोकरी-रजेच्या नोंदवहीत, अर्धवेतनी रजा असते.

"पगार बंद होतो" हे मात्र नुसतं चूक नाही, घातक आहे. अर्धवेतनी रजा वर्षाला 20 दिवस जमा होते. 15 वर्षांत ती वापरलीच नसेल तर 300 दिवस. वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित केली, म्हणजे दोन अर्धपगारी दिवसांचा एक पूर्णपगारी केला, की 150 दिवस पूर्ण पगारी. अर्जित रजा, म्हणजे नोकरीत कमावलेली पूर्णपगारी रजा, वेगळी. सगळी संपली तरी कायम कर्मचाऱ्याला, तो कामावर परतेल अशी आशा असेल तर, अनर्जित रजा मिळू शकते : सबंध नोकरीत 360 दिवसांपर्यंत, अर्ध्या पगारावर, पुढे कमावून फेडायची. क्षय, कर्करोग, कुष्ठरोग, पक्षाघात यांसाठी अटींसह आणखी सवलत आहे. बिनपगारी असाधारण रजा येते ती या सगळ्यानंतर. आमच्या शिपायाच्या सेवापुस्तकात तर अर्धवेतनी रजेचा रकाना कित्येक वर्षं कोणी भरलाच नव्हता! इकडे लोक दानाला निघालेले, तिकडे त्याची स्वतःचीच रजा कागदावर चढायची राहिलेली.

रजादान "अमेरिकेत चालतं" असंही लोक सांगतात. ते खरं, पण अर्धवटच. तिथल्या संघराज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी 1988 चा कायदा आहे आणि त्यात दान होते ती वार्षिक रजा. आजारी रजा नव्हे.

"रजा दिली तर सरकारचं काय जातं?" हा त्यांचा प्रश्न मला अर्धा पटतो. 300 दिवसांच्या वर गेलेली अर्जित रजा तशीही बुडते. ती आजाऱ्याला द्यायची मुभा असावी, त्या मागणीवर मी आधी सही करीन. पण ती मागणी मंत्रालयात न्यायची, तालुक्याच्या आस्थापना लिपिकाच्या टेबलावर नाही.

त्या दिवशी अर्ज फाडला नाही. त्याच्याच कोऱ्या पाठीवर शिपायाच्या रजेचा हिशेब मांडला.