माकडतापातला उंदीर

काजूचा हंगाम तोंडावर आला की आमच्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गाकडच्या गावांत एकच विचारणा सुरू होते, "रानात माकड मेलेलं दिसलं का?" आरोग्यसेविका विचारतात, पोलीसपाटील विचारतात, वनखात्याची माणसं विचारतात. विचारायलाच हवं. पण या एका प्रश्नावर आपण फार विसंबून बसलोय असं मला मनापासून वाटतं, आणि त्याला या रोगाचं नावच कारण आहे. हा खरा गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होणारा विषाणूचा ताप, पण माकडंही त्याने मरतात म्हणून नाव पडलं माकडताप; आणि माकडताप म्हटलं की सगळ्यांची नजर झाडावर जाते.

माझ्या काकांना हा ताप आला तेव्हा ते पहिले तीन दिवस मानायलाच तयार नव्हते. अंग ठणकतंय, डोकं फुटतंय, डोळे लालबुंद, तरी म्हणायचे, "आमच्या बागेत एक पन माकड मेलला नाय, मगे माका तो ताप कसो येतलो?" गावातल्या दवाखान्यातही साध्या तापाच्या गोळ्या मिळाल्या. रक्त तपासायला गेलं ते पाचव्या दिवशी. काका वाचले, पण पुढचा महिनाभर त्यांना काठीशिवाय अंगणात येववत नव्हतं.

माकड मेलं नव्हतं हे काका खरंच सांगत होते. पण त्याआधीचा आठवडाभर ते बागेतला पातेरा गोळा करत होते. पातेरा म्हणजे झाडाखाली पडलेला सुका पाला; गोठ्यात अंथरायला, भाजावळीला आम्ही तो पोत्यांनी भरून आणतो. त्या पाल्याखाली कोण राहतं? रानउंदीर, चिचुंद्री. आणि वरून उतरून दाणे शोधत फिरणारी चानी, म्हणजे खार.

पावसाळ्यात गुरांच्या अंगावर फुगलेल्या गोचिडी खाली गळतात आणि पाल्यात अंडी घालतात. पाऊस सरला की त्यांतून सहा पायांची पिल्लं निघतात, खसखशीच्या दाण्याहूनही लहान. ही पिल्लं जमिनीलगतच राहतात, म्हणून त्यांना रक्त मिळतं ते उंदीर, चिचुंद्री, खार आणि जमिनीवर चरणाऱ्या पाखरांचं. उंदराच्या रक्तात विषाणू असेल तर तो पिल्लात उतरतो. पिल्लू कात टाकून आठ पायांचं झालं तरी विषाणू आत तसाच. ही दुसऱ्या अवस्थेतली गोचीड माणसाला चावते, आणि तिचे दिवस नोव्हेंबर ते मे. म्हणजे नेमके काजूचे आणि पातेऱ्याचे दिवस.

माकडाचा वाटा मी नाकारत नाही. माकडाच्या रक्तात विषाणू प्रचंड वाढतो, ते मरून पडतं, अंग गार झालं की शेकडो गोचिडी तिथेच उतरतात आणि ती जागा धोक्याची होते. पण माकड मेलं याचा अर्थ विषाणू आधीपासून खाली फिरतो आहे. उंदीर आणि चिचुंद्री माकडांसारखी डोळ्यांसमोर पटापट मरून पडत नाहीत. त्यांच्या बाबतीत कोणाला फोन करावा असं कधी काही घडतच नाही.

ही माहिती नवी नाही, याचंच जास्त वाईट वाटतं. 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली तेव्हा पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेचे (एनआयव्ही), संशोधक तिथे पोचले. माकडं मरताहेत म्हणून आधी शंका आली पीतज्वराची. विषाणू निघाला रशियाकडच्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या कुळातला. त्यानंतरच्या वर्षांत त्याच जंगलातले उंदीर आणि चिचुंद्र्या पिंजऱ्यात पकडून तपासल्या गेल्या आणि त्यांच्यातही विषाणू सापडला. 2015 मध्ये गोव्यात सत्तरीतल्या पाळीला, 2016 मध्ये आमच्या तालुक्यातल्या केर गावाला आणि पुढे बांद्याकडे ताप आला, तेव्हा हे ज्ञान कपाटात पडून होतं.

माझं म्हणणं एवढंच की दरवर्षी दिवाळीनंतर, पहिला माणूस तापाने पडायच्या आधी, आमच्या बागांत उंदीर-चिचुंद्री पकडून तपासायला पिंजरे लागावेत. पाल्यावरून पांढरं फडकं ओढून त्याला चिकटलेल्या गोचिडी मोजाव्यात, तपासाव्यात. यात न जमण्यासारखं काही नाही. जुन्या लसीचा म्हणावा तसा उपयोग होत नाही म्हणून 2022 मध्ये तिचा वापर थांबला, या विषाणूवर नेमकं औषध नाही, मग आगाऊ सूचना मिळणं हाच मोठा आधार आहे.

आणि हे वाचून कृपा करून कोणी रानात उंदराचं विष टाकू नका. मेलेल्या उंदरावरच्या गोचिडी दुसरं अंग शोधणारच, आणि विष खाल्लेल्या उंदराबरोबर घुबडं नि रानमांजरंही जातील. माकडांना दगड मारणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. ती आपल्यासारखीच या तापाने मरताहेत.

काकांनी आता गोठ्यात पातेरा घालणं सोडलंय, भाताचं गवत घालतात. बागेत जाताना हातापायांना गोचिडी दूर ठेवणारं डीएमपी तेल, पायांत लांब मोजे, विजार मोज्यांत खोवलेली. संध्याकाळी घरी आले की कपडे थेट कढत पाण्यात, मग आंघोळ, आणि काकी बॅटरी घेऊन त्यांच्या गुडघ्यामागे, काखेत, कानामागे बघते. मागच्या शिमग्याला मी गेलो होतो तेव्हा तिला पोटरीवर एक सापडली. तीळ म्हणून सोडून देणार होती, तेवढ्यात तो तीळ हलला.