डक्टमधला उंदीर

काल लिफ्टमध्ये नोटीस लागली. 'ए विंगच्या केबल डक्टमध्ये उंदरांचा वावर असल्याचे निदर्शनास आले आहे. पेस्ट कंट्रोलसाठी प्रत्येक सदनिकेमागे रु. २०० रविवारपर्यंत जमा करावेत.' खाली सेक्रेटरींची सही, आणि सहीखाली कुणीतरी बॉलपेनने लिहिलंय, 'आधी लिफ्टचा पंखा बघा.'

आमच्या डक्टमध्ये उंदीर नाही. हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण तो मीच सोडलाय.

मी एका सीएंचं काम घरून करते, मागच्या खोलीत बसून. नेटचा डबा हॉलमध्ये, टीव्हीच्या वर. तिथून मागच्या खोलीत यायचं तर वाटेत दोन भिंती आणि सासूबाईंचं लोखंडी कपाट. त्या कपाटाने आजवर कुणाला काही सुखासुखी दिलेलं नाही, ते वायफाय कुठून पलीकडे जाऊ देणार? म्हणून १,४९९ रुपयांचा दुसरा राउटर मागवला, पंधरा मीटर वायर आणली, भिंतीच्या कडेकडेने पांढऱ्या क्लिपा ठोकत मागे नेली आणि रात्री साडेदहाला बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. मोबाइलवर वायफायचा पंखा पूर्ण उघडला. नवरा म्हणाला होता, "अगं, कंपनीच्या माणसाला बोलाव." मी म्हणाले होते, "त्यात काय एवढं?" हे वाक्य बोलून मी आजवर दोन साड्या आणि एक मिक्सर घालवलाय.

दुसरा दिवस म्हणजे एकोणीस तारीख. जीएसटीची थ्री-बी, म्हणजे दर महिन्याचं विवरणपत्र, भरायची शेवटची तारीख वीस, आणि माझ्याकडे नऊ पार्ट्या बाकी. सकाळी पोर्टल उघडलं, आकडे भरले, ओटीपी मोबाइलवर आला, टाकला, आणि गोल फिरायला लागला. फिरतोय, फिरतोय. तो थांबला तेव्हा पोर्टल म्हणालं, तुमचा वेळ संपला. पुन्हा पहिल्यापासून. दहा मिनिटं झकास चालायचं, मग मेल्यासारखं. मुलाचा मोबाइल चालू तेव्हा माझा लॅपटॉप बंद. माझा चालू तेव्हा सासूबाईंचं कीर्तन अडकलेलं, बुवांचा हात वर, तोंड उघडं. आणि या सगळ्यात नवरा नाश्ता करत शांतपणे म्हणतो, "टीव्हीवर तर येतंय." टीव्ही हॉलमधल्या डब्याला थेट वायरने जोडलेला आहे. माझ्या घरात ज्याला काही काम नाही त्याचं कधी काही बंद पडत नाही. तो ऑफिसला गेला आणि मी तक्रारीचा नंबर फिरवला.

"मॅडम, सर आहेत का घरी?"

"सरांचं काय काम आहे?"

"नाही, थोडं टेक्निकल आहे."

कनेक्शन माझ्या नावावर, बिल माझ्या खात्यातून, नंबर माझा. तरी सर लागतात. बरं, सांगा म्हटलं.

"ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका. निळं पान येईल."

"हिरवं आलंय."

"निळं येतं, मॅडम."

"मला रंग कळतात हो. हिरवं आहे."

"रिफ्रेश करा."

केलं. निळं आलं.

"आलं ना?" त्याच्या आवाजात असा काही समंजसपणा होता की फोन भिंतीवर आपटावा. पासवर्ड टाकेपर्यंत पान पुन्हा हिरवं, आणि पासवर्ड चुकीचा. हे मी त्याला सांगितलं नाही. त्याने तक्रार नोंदवली, चोवीस तासांत माणूस येईल म्हणाला आणि माझ्या समाधानाला पाचपैकी किती गुण द्याल ते विचारलं.

हे सगळं मी बाल्कनीत उभी राहून बोलत होते, म्हणजे पूर्ण विंगला ऐकू गेलं होतं. दोन मिनिटांत समोरचे काका दारात. बाह्यांचा बनियन, लेंगा, आणि लेंग्याच्या नाडीपाशी खोचलेला टेस्टर. काका टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं होते, बाजीराव रोडच्या एक्स्चेंजला. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, पण टेस्टर अजून निवृत्त झालेला नाही.

"काय, लाइन डेड?"

"नाही काका, येतंय-जातंय."

"म्हणजे इंटरमिटंट." काकांनी चप्पल काढली. "त्यापेक्षा डेड परवडली. मेलेला माणूस निदान मेलेला तरी असतो. इंटरमिटंट म्हणजे जॉइंटमध्ये ओल. मिस्टर आहेत का?"

"ऑफिसला गेलेत."

"मग येऊ देत त्यांना," असं म्हणत काका आत आले, टीव्हीसमोर खुर्ची ओढली, तिच्यावर चढले आणि डब्याला कान लावला. मी खुर्ची धरली. बहात्तर-त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, पडला तर काकूंना काय सांगू?

"हं," काका म्हणाले.

"काका, त्यातून आवाज येत नाही."

"तेच म्हणतोय. डायल टोन नाही." एक कान झाला, दुसरा लावला. "पेअर कुठली दिलीय तुम्हाला? डीपी कुठाय? पिलरला जाऊन जंपर बदलायला सांग, लगेच सुटेल."

"यात पेअर नसते, काका. तांबं नाहीच. फायबर आहे. काच."

इथे मी चूक केली. काका खुर्चीवरून सावकाश उतरले, त्याच खुर्चीवर बसले आणि मांडीवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

"फायबर तू मला सांगतेस? लोकल जंक्शनला, म्हणजे गावातल्या दोन एक्स्चेंजच्या मध्ये, भारतातली पहिली फायबर कुठे चालू झाली, माहितेय? पुण्यात. सन एकोणीसशे एकोणऐंशी. मी खात्यात तेव्हा तीन वर्षांचा. तू कुठे होतीस?"

"मी व्हायची होते, काका."

"बघ."

(हे मी नंतर शोधून पाहिलं, मोबाइलच्या डेटावर. खरं आहे. १९७९, पुणे. आणि त्याच पुण्यात शेहेचाळीस वर्षांनी माझी थ्री-बी जात नव्हती.)

मग चहा आला आणि त्याबरोबर ट्रंक कॉल, लाइटनिंग कॉल, स्ट्राउजर-क्रॉसबारची जुनी एक्स्चेंजं, आणि ओवायटीत, म्हणजे 'ओन युवर टेलिफोन' योजनेत, पैसे भरूनही नंबर कधी लागेल याची वाट बघत बसणारी माणसं. लाइनमन यायचा म्हणून घरात शिरा व्हायचा. बिघाड झाला की १९८ ला फोन करायचा. आता तुमच्याकडे काय आहे? चोवीस तास. कसले चोवीस तास? आमच्या वेळी निदान माणूस कळायचा, कोण येणार ते. मी लॅपटॉपकडे बघत होते. गोल फिरत होता. तीन पार्ट्या गेल्या होत्या, सहा बाकी. काकांनी बिस्कीट चहात बुडवलं, नेमकं वेळेत बाहेर काढलं आणि म्हणाले:

"आता मला एक सांग. शेवटचा हात कोणाचा लागला?"

"म्हणजे?"

"खात्यात आम्ही फॉल्ट कधी शोधला नाही. हात शोधायचो. काल चालू होतं, आज नाही, म्हणजे मध्ये कुणाचा तरी हात लागला. तो हात सापडला की फॉल्ट त्याच्या बोटाखाली असतो."

माझ्या पोटात गोळा आला.

"कुणाचा नाही," मी म्हणाले.

काकांची नजर डब्यावरून खाली उतरली. वायरवर आली. वायरीबरोबर भिंतीच्या कडेने निघाली, एकेक क्लिप मोजत मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. "ही वायर नवी दिसतेय."

"हं."

"मिस्टरांनी टाकली?"

इथे थोडं थांबून सांगते, कारण त्या क्षणी जे झालं त्याचं मला अजून नीट काही ठरवता आलेलं नाही. मी खरं बोलू शकले असते. एका वाक्यात काम झालं असतं, मी लॅपटॉपवर बसले असते. पण मी म्हणाले, "हो."

"मग ठीक असणार," काका म्हणाले. वायरीवरची नजर काढली. "मिस्टर व्यवस्थित आहेत तुमचे. ओलच आहे. बाहेरचा फॉल्ट."

म्हणजे छत्तीस वर्षं खात्यात शिकलेला नियम माणसाने बरोबर लावला, बोट बरोबर जागी नेऊन ठेवलं, आणि 'मिस्टर' ऐकल्यावर उचलून घेतलं. मिस्टरांना आमच्या घरात बल्ब कुठला लागतो, पिन की स्क्रू, ते विचारा. गेल्या वर्षी याच मिस्टरांनी बाथरूममध्ये टॉवेलचा दांडा बसवताना पाण्याच्या पाइपमध्ये ड्रिल घातलं. खालच्या मजल्यावरच्यांच्या कपाटातल्या पैठण्या भिजल्या. सगळी सोसायटी काय म्हणाली? 'होतं असं.' दोन शब्द. मी उन्हाळ्यात कुंड्यांना पाणी जास्त घातलं आणि ते खाली ठिबकलं, तर वर्षभर लिफ्टमध्ये मला 'कुंड्यावाल्या' म्हणत होते.

कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी आला. तोपर्यंत मी उरलेल्या सहा पार्ट्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, खिडकीच्या गजाला फोन टेकवून भरल्या होत्या. मुलगा जेमतेम बावीसचा, डोक्यावरचं हेल्मेट न काढता आत आला. "काका नाहीत का?" हे आधी. काका म्हणजे माझा नवरा. मग हॉलमधल्या डब्याकडे बघितलं, वायरीकडे बघितलं, मागच्या खोलीत गेला आणि माझ्या नव्या राउटरमधून वायर उपटली. हॉलमधून सासूबाईंच्या बुवांचा आवाज आला, अडकलेल्या अभंगाच्या पुढच्या ओळीपासून.

"हे कुणी लावलं, काकू?"

"मी."

"राहू द्यायचं ना. काका आल्यावर लावलं असतं त्यांनी."

त्याने पुढची पाच-सहा मिनिटं काय केलं ते मी त्याच्या खांद्यावरून बघितलं, आणि खरं सांगते, त्यात काही नव्हतं. दोन्ही डब्यांना कारखान्यातून एकच पत्ता मिळालेला: १९२.१६८.१.१. जगात असले पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे दिसायला लागल्यावर नव्वदच्या दशकात काही आकडे घरातल्या घरात वापरायला राखून ठेवले. त्यामुळे घरोघरी तोच पत्ता, पुण्यात गल्लोगल्ली 'श्रीकृपा' असते तसा. आपापल्या गल्लीत असल्या तर काही बिघडत नाही. मी एकाच गल्लीत दोन श्रीकृपा बांधल्या होत्या. मोबाइलने हाक मारायची, "श्रीकृपा कोण?" आणि जो आधी ओ देईल त्याच्याकडे सगळं टपाल. जुन्याने ओ दिली तर नेट चालू. नव्याने दिली तर टपाल त्याच्या टेबलावर पडून, कारण त्याला बाहेरचा रस्ताच नव्हता. वर दोघंही घरातल्या मोबाइलांना नंबर वाटत बसलेले. निळं पान जुन्याचं, हिरवं नव्याचं. मुलाने नव्याचा पत्ता १९२.१६८.१.२ केला, नंबर वाटायचं त्याचं काम बंद केलं, वायर परत खोचली. दोन्ही डबे आता गुण्यागोविंदाने नांदतात. हे सगळं पुस्तिकेच्या सातव्या पानावर चित्रासकट होतं. मी सहाव्यावर थांबले होते, कारण सहाव्या पानावर हिरवा दिवा लागतो.

मग त्याने मोबाइलवर काहीतरी दाबलं आणि मला मेसेज आला: 'दोष ग्राहकाच्या बाजूचा. भेट शुल्क रु. ३५०.' पैशाचं काही नाही. म्हणजे आहे. पण 'ग्राहकाच्या बाजूचा' हे वाचताना मला त्या सगळ्या बाप्यांचे चेहरे दिसले, फोनवरच्या त्या समंजस मुलापासून. बाईला यातलं कळत नाही असं तिघांनी कुठल्याही पुराव्याशिवाय धरलं होतं, आणि पुरावा मी घरपोच दिला.

दार उघडून मुलाला सोडते तोच समोरचं दार उघडलं. काका.

"काय निघालं?"

हेल्मेटवाला जिना उतरत होता. त्याने वर बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. तो, देव त्याचं भलं करो, काही न बोलता उतरत राहिला.

"उंदीर," मी म्हणाले. "डक्टमध्ये वायर कुरतडली होती."

"तरी मी म्हणत होतो, बाहेरचा फॉल्ट!" काकांचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत उंदीर तिसऱ्या मजल्यावर पोचला होता. दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी वॉशिंग मशीनचा पाइप त्याच्या नावावर गेला. चौथ्या दिवशी सेक्रेटरींनी कमिटीची सभा घेतली.

आज सकाळी सेक्रेटरी पावतीपुस्तक घेऊन दारात उभे राहिले. मी दोनशे रुपये दिले. पावती नवऱ्याच्या नावाने फाडली, 'श्री.' लावून. त्यांच्या मागे काका होते, हातात टॉर्च. जिन्यातल्या डक्टचं झाकण उघडलेलं.

"काका, खरंच आहेत का हो आत?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

काकांनी मला हाताने गप्प केलं, डक्टच्या तोंडाशी वाकले आणि कान लावला. एक झाला, दुसरा लावला. सेक्रेटरी श्वास रोखून उभे.

"एक नाही," काका म्हणाले. "दोन आहेत."