बंद पडलेलं मशीन वीज खात नाही, पण…

नमस्कार. बिटकॉइन मायनिंगचं (आकडेमोड करून नाणी मिळवण्याचं) मशीन निवडताना "विश्वासार्हता आधी, कार्यक्षमता नंतर" असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरच्या तुमच्या प्रतिक्रियेचा गाभा असा: "ज्यूल प्रति टेराहॅश हाच एक खरा आकडा. बंद पडलेलं मशीन वीज खात नाही, मग विश्वासार्हतेचा बागुलबुवा कशाला? एस२१ सोडून जुन्या एस१९ ची बाजू घेणं म्हणजे भंगार खपवणं." शिवाय, विश्वासार्हता मोजायची कशी, हेही तुम्ही विचारलंय. (टेराहॅश म्हणजे मशीनचा वेग: सेकंदाला एक लाख कोटी हॅश, म्हणजे आकडेमोडीचे प्रयत्न. ज्यूल प्रति टेराहॅश म्हणजे तेवढ्या कामाला लागणारी ऊर्जा. एस९, एस१७, एस१९, एस२१ ही बिटमेन कंपनीच्या अँटमायनर मशीनची जुन्याकडून नव्याकडे जाणारी मॉडेलं.)

भंगाराचा मुद्दा मान्य. एस१९ म्हणजे ९५ टेराहॅश आणि ३२५० वॅट, दिवसाला ७८ युनिट. एस२१ म्हणजे २०० टेराहॅश आणि ३५०० वॅट, दिवसाला ८४ युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर एका टेराहॅशमागे रोजची वीज एस१९ वर ६.५७ रुपयांची, एस२१ वर ३.३६ रुपयांची. ही दरी कसल्याही टिकाऊपणाने बुजणार नाही. "विश्वासार्हता आधी, कार्यक्षमता नंतर" हे माझं वाक्य या दराला सपशेल चूक होतं, ते बदललंय. पॅराग्वे किंवा इथिओपियात जलविद्युत स्वस्त आहे, तिथे जुन्या मशीनचा हिशेब अजून बसू शकतो. आपल्याकडे तर २०२२ पासून ३० टक्के कर आहे आणि मायनिंगचा वीजखर्च उत्पन्नातून वजाही मिळत नाही, त्यामुळे घरच्या दराने ही चर्चा कागदावरच राहते.

पण "वीज खात नाही, मग तोटा कुठे" इथे माझं तुमच्याशी पटत नाही. एस१९ च्या तीन हॅशबोर्डपैकी (चिप बसवलेल्या पाट्यांपैकी) एक गेला की ९५ चे साधारण ६३ टेराहॅश उरतात. वीजही जवळपास त्याच प्रमाणात उतरते, पंखे आणि कंट्रोल बोर्ड तेवढे पूर्वीइतकेच खातात. म्हणजे ज्यूल प्रति टेराहॅश जेमतेम हलतो आणि मशीन एक तृतीयांश मेलेलं असतं! हा आकडा विजेचं बिल सांगतो. मशीनमध्ये घातलेला पैसा कामाला लागलाय की नाही, हे त्याला कळतच नाही.

त्यासाठी टेराहॅश-दिवस मोजा, म्हणजे टेराहॅश गुणिले चाललेले दिवस. उदाहरणापुरती २०० टेराहॅशच्या मशीनची किंमत ३ लाख आणि आयुष्य तीन वर्षं धरू. १०९५ दिवसांत २,१९,००० टेराहॅश-दिवस, म्हणजे प्रत्येकी १.३७ रुपये भांडवल. एक बोर्ड दोन महिने दुरुस्तीत पडला तर सुमारे ४,००० टेराहॅश-दिवस जातात, २ टक्केसुद्धा नाही. इथवर तुमचंच खरं. तोच बोर्ड वर्षभरानंतर गेला आणि पुन्हा आलाच नाही, तर ४८,६०० च्या आसपास गेले, म्हणजे २२ टक्के, भांडवल १.७६ रुपयांवर. थोडक्यात, बिघाड किती वेळा होतो यापेक्षा दुरुस्ती होते का आणि किती दिवसांत, याला जास्त किंमत आहे. त्यातही डिफिकल्टी (नाणी मिळवण्याची काठिण्यपातळी) चढती असेल तर सुरुवातीचे दिवस महाग, कारण तेवढ्याच हॅशवर पुढे कमी नाणी मिळतात.

बोर्ड असा अख्खा का जातो? एस१९ प्रो च्या एका बोर्डावर ११४ चिप, तीन-तीनच्या ३८ गटांत, आणि हे गट सिरीजमध्ये. दिवाळीच्या जुन्या माळेसारखं. प्रत्येक गटावर सुमारे ०.३६ व्होल्ट, सगळे मिळून १३.७ च्या आसपास. सिग्नलही चिपमधून चिपमध्ये असाच पुढे जातो. कर्नल लॉगमध्ये (मशीन स्वतः ठेवतं त्या नोंदीत) ११४ ऐवजी "३८ चिप सापडल्या" असं आलं, तर ३८ वी, ३९ वी आणि त्यांच्यामधला जोड आधी तपासायचा. मल्टिमीटरने गटागटाचं व्होल्टेज घ्या: एखाद्यावर शून्याजवळ आलं तर तिथे शॉर्ट. "० चिप" आलं तर मात्र चिपला हात लावण्याआधी रिबन केबल आणि बोर्डाचा वीजपुरवठा बघा, पुष्कळदा दोष तिथेच निघतो.

लेखात एस१७ चं उदाहरण मी यासाठीच दिलं होतं. एस९ चे साधारण ९८ ज्यूल, एस१७ प्रो चे ४० च्या आत, म्हणजे कागदावर अडीचपट सरस. पण १७ मालिकेत चिपवर सोल्डर केलेले हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारे धातूचे तुकडे) तापून सुटायचे आणि शेजारच्या गटावर पडून शॉर्ट करायचे. दुरुस्तीवाल्यांमध्ये ही मालिका त्यासाठीच बदनाम आहे. चिप उत्तम होती, जोड कच्चा होता.

आता मोजणी. मशीनच्या पानावरचा हॅशरेट धरू नका, पूलवरची (अनेक मशीन एकत्र मायनिंग करतात त्या सेवेवरची) तीन दिवसांची सरासरी घ्या. नाकारलेले शेअर (मशीनने पूलला पाठवलेली उत्तरं) तिथे आपोआप गळतात. वीज वेगळ्या मीटरवर युनिटमध्ये मोजा. समजा एस१९ ला दिवसाला ७९.२ युनिट, म्हणजे ३३०० वॅट, आणि पूलवर ९१ टेराहॅश: झाले ३६.३ ज्यूल, छापील ३४.५ च्या जागी. छापील आकडा २५ अंश तापमानाचा असतो. खोली ३८ अंशांवर गेली की चिपमधली विजेची गळती वाढते, पंखे जोरात फिरतात, आणि पंख्याची वीज वेगाच्या घनात चढते.

कार्यक्षमता आणि टिकाऊपणा एकाच दिशेने नेणारी एक गोष्ट: व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी थोडी उतरवणं. व्होल्टेज ५ टक्के कमी केलं तर त्याच फ्रिक्वेन्सीला चिपची वीज सुमारे १० टक्क्यांनी घटते आणि जोडही कमी तापतात. फक्त फार उतरवलं की हार्डवेअर एरर (चिपची चुकीची उत्तरं) चढतात. तिथे एक पायरी मागे या.

पंख्याचं वेगळं आहे. चारपैकी एक थांबला तरी फर्मवेअर (मशीनमधलं सॉफ्टवेअर) अख्खं मशीन बंद करतं, पण जोडीचा पंखा हाताशी असेल तर दहा मिनिटांचं काम. बोर्डाचं तसं नाही, म्हणून जुनं मशीन घेताना विक्रेत्याकडून फोटो न मागता सलग २४ तास चालवल्यानंतरचा कर्नल लॉग मागा आणि तिन्ही बोर्डांवर चिपची संख्या पूर्ण आहे का ते बघा.