किंडरहूक, व्हॅन ब्यूरन आणि आपली मुलं

आज दुपारी सगळे जेवायला जमलो होतो. पानं वाढता वाढता एकजण सहज म्हणाली, "आम्ही घरी मराठी बंदच केलंय, पोरीचं इंग्लिश कच्चं राहतं." चौघांनी माना डोलावल्या. मी गप्प बसले, त्याचाच आता राग येतोय.

इथे अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनीपासून अर्ध्या तासावर किंडरहूक आहे. डचांनी वसवलेलं लहानसं गाव, नावाचा अर्थ मुलांचा कोपरा. मार्टिन व्हॅन ब्यूरन तिथे १७८२ साली जन्मला. इंग्रजांनी डचांची ही वसाहत १६६४ मध्येच घेतलेली, तरी शंभरावर वर्षांनी त्याच्या घरात डचच! इंग्रजी तो नंतर शिकला आणि १८३७ मध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. मातृभाषा इंग्रजी नसलेला आजवरचा एकमेव. राहिलं का काही कच्चं?

गेल्या ऑक्टोबरात लेकीला त्याची कबर दाखवली. तिने तिथूनच आजीला व्हिडिओ कॉल लावला. "आजी, हा पण घरी वेगळं बोलायचा आणि शाळेत वेगळं. माझ्यासारखा!" आजीला ते नाव उच्चारता येईना, पण चेहरा असा फुलला होता म्हणून सांगू.

हो, मान्य, आज त्या गावात डच कुणी बोलत नाही. शेजारच्या गावाचं नावही मूळ डच, छोट्या धबधब्यावरून पडलेलं. आता त्याला वलेशा म्हणतात. पण ती भाषा जायला पिढ्या लागल्या. आपण एकाच पिढीत घालवतोय, तीही आपल्या हाताने.

आणि तिथल्या टुमदार घरांचं नुसतं कौतुकही नको. व्हॅन ब्यूरनच्या वडलांकडे गुलाम होते. हडसन नदीपलीकडे अल्स्टर काउंटीत गुलामीत जन्मलेल्या आणि पुढे गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या सोजर्नर ट्रुथचीही पहिली भाषा डचच. नऊ वर्षांच्या त्या पोरीला मेंढरांसकट शंभर डॉलरला विकलं. नवे मालक इंग्रजी बोलणारे. त्यांचं बोलणं कळत नाही म्हणून तिने मार खाल्ला. हे लिहितानाही गलबलतं. आपल्या मुलांवर कोण हात उगारतंय? कशाला घाबरतोय आपण?

मुलं दमतात, रविवारची मराठी शाळा नको म्हणतात. माझीही म्हणते. बरं, शाळा राहू दे. वरण वाढताना तरी बोला ना मराठीत! कबरीपाशी उभं राहून आजीला हाक मारायला माझ्या लेकीला शाळा लागली नव्हती.

मैत्रीण हे वाचत असेल. तुला दुखवायचं नव्हतं गं. तुझी आई डिसेंबरात येतेय ना नागपूरहून? तीन महिने ती नातीशी काय बोलेल, एवढंच विचारायचं होतं. भात पुढे सरकवला आणि विचारायचं राहून गेलं.