गोविंदराव टेंबे ‘नुसते पेटीवाले’ नव्हते

गेले काही दिवस एक मजकूर हातोहात फिरतो आहे. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटाला संगीत देणारे गोविंदराव टेंबे हे मुळात नाटक कंपनीतले पेटीवाले. गाणारा नट मिळेना म्हणून त्यांना उभं केलं. त्यांनी नाट्यपदंच पडद्यावर आणली. मराठी चित्रपटसंगीत खऱ्या अर्थाने सुरू झालं ते गोविंदराव ‘प्रभात’ या चित्रपट कंपनीतून गेल्यावर, आणि पुढे ते विस्मृतीत गेले. मला हा मजकूर चौघांनी पाठवला, त्यातले दोघं गाणं शिकलेले. ते वाचून फार वाईट वाटलं, म्हणून लिहायला बसलो.

आधी ‘पेटीवाले’ या शब्दाचं बघू. पेटी ते अप्रतिम वाजवत, त्याबद्दल वादच नाही. पण मजकुरात हा शब्द ‘दुसऱ्याच्या गाण्यामागे बसणारा, स्वतःचं काही नसलेला’ अशा अर्थाने आला आहे, आणि तो साफ खोटा आहे. 1911 साली किर्लोस्कर मंडळीने खाडिलकरांचं ‘मानापमान’ रंगमंचावर आणलं. त्यातल्या पदांच्या चाली गोविंदरावांच्या. तोवर मराठी नाटकाच्या गाण्यावर साकी-दिंडी या जुन्या काव्यवृत्तांच्या चालींचा आणि कानडी चालींचा ठसा होता. गोविंदरावांनी पूरबकडच्या, म्हणजे उत्तर प्रदेश-बिहारकडच्या, ठुमरी-कजरी या गानप्रकारांचा ढंग त्यात आणला. मैफलींत ऐकलेली ती लाडिक, लचकदार स्वरवाक्यं मराठी शब्दांवर अशी बसवली की ती उसनी वाटेनात. ‘मानापमान’ची नायिका, बालगंधर्वांची भामिनी आठवताना आपण त्यांच्या गळ्याचं कौतुक करतो, ते करावंच; पण त्या गळ्याला नेमकं काय गायला द्यायचं हे कुणीतरी ओळखलेलं होतं. पुढे 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर आले, तेव्हाही खेळ निवडला गेला तो ‘मानापमान’च. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या दोन दिग्गज गायकांना एकत्र येण्यासाठी ज्याच्या चाली लागल्या, त्याला साथीदार म्हणून बाजूला कसं सारता येईल?

शिवाय 1913 ला गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हा बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासोबत तिसरं नाव गोविंदरावांचं होतं. ते भागीदार होते, नट होते. पुढे त्यांनी शिवराज नाटक मंडळी ही स्वतःची कंपनी काढली.

‘गाणारा नट मिळेना म्हणून’ हे तर उलटंच आहे. ‘प्रभात’ तेव्हा कोल्हापुरात होती आणि गोविंदरावही कोल्हापूरचेच. दिग्दर्शक शांतारामबापूंना (व्ही. शांताराम) हरिश्चंद्र हवा होता. म्हणजे अभिनय करणारा, कॅमेऱ्यासमोर स्वतः गाणारा माणूस. तोच चालीही बांधणार असेल तर आणखी काय हवं? पन्नाशीतल्या गोविंदरावांकडे हे सगळं होतं. दुसरं नाव सुचवायचं तरी कुणाचं?

‘नाट्यपदंच पडद्यावर आणली’ या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करतो. ‘अयोध्येचा राजा’ आज पाहताना संवादांची फेक नाटकी वाटते आणि गाण्यांच्या वळणातही रंगमंचाची आठवण येते. पण हे वाक्य लिहिणाऱ्याने त्या काळी गाणं कसं मुद्रित होत असे याचा विचार केलेला नाही. पार्श्वगायन आपल्याकडे आलं 1935 मध्ये, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सकडून. ‘अयोध्येचा राजा’ फेब्रुवारी 1932 चा. म्हणजे चित्रण चालू असतानाच गायचं, आणि वादकांनी कॅमेऱ्याच्या नजरेआड बसून त्याच क्षणी वाजवायचं. मान वळवली की आवाज मायक्रोफोनपासून लांब जाणार. एक सूर चुकला की अभिनयासकट सगळं पुन्हा. त्यात हाच चित्रपट त्याच नटांना घेऊन हिंदीतही झाला, त्यामुळे ही कसरत दोनदा.

नाटकात पद रंगलं की वाढवता येतं, वन्समोअर घेता येतो, तबलजीकडे बघून तिहाई बदलता येते. इथे फिल्मची लांबी ठरलेली आणि समोर प्रेक्षकच नाही. त्यात तारामती झालेल्या दुर्गा खोटे काही रंगभूमीवर वर्षानुवर्षं गायलेल्या नव्हत्या, तरी त्यांना स्वतःच्याच आवाजात गायचं होतं. चाल गळ्याला झेपेल अशी हवी आणि तरी प्रसंगाला उणी पडता कामा नये. ज्याने हे साधलं त्याने नाटकाची पदं जशीच्या तशी उचलून ठेवली असं म्हणणं अन्यायाचं आहे. नंतर लगेच ‘अग्निकंकण’, ‘मायामच्छिंद्र’, ‘सिंहगड’, ‘सैरंध्री’ आले, त्यांचंही संगीत गोविंदरावांचंच. ‘मायामच्छिंद्र’मध्ये मच्छिंद्रनाथ तेच होते.

आता ‘खरी सुरुवात नंतर’. ‘प्रभात’ 1933 मध्ये पुण्याला गेली आणि 1934 च्या ‘अमृतमंथन’ला केशवराव भोळ्यांनी संगीत दिलं. भोळे मोठेच. पण ते आले कुठून? नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाकडून, म्हणजे रंगभूमीवरूनच. त्यांच्यानंतर ‘धर्मात्मा’, ‘अमरज्योती’, ‘माणूस’ यांना संगीत देणारे मास्तर कृष्णराव तर थेट गंधर्व मंडळीतले, गायक भास्करबुवा बखल्यांचे शिष्य. गोविंदरावही भास्करबुवांना गुरू मानत. ‘माणूस’मधली चाल गुणगुणणाऱ्याने गोविंदरावांना जुनाट ठरवावं, हे मला पटत नाही. एकाच गुरूच्या छायेतली ही दोन माणसं. एकाने वाट पाडली, दुसरा तिच्यावर पुढे गेला.

राहता राहिलं विस्मृतीत जाणं. ‘प्रभात’ सुटल्यावरही गोविंदराव लिहीत राहिले. ‘माझा संगीत-व्यासंग’ 1939 साली आलं. ज्यांनी तो मजकूर पुढे ढकलला त्यांनी निदान तेवढं पुस्तक काढून वाचावं. ‘अयोध्येचा राजा’सुद्धा सुदैवाने शिल्लक आहे. ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची प्रत आज उरलेली नाही, पण गोविंदरावांचा हरिश्चंद्र अजून पडद्यावर गाताना ऐकू येतो.