निफाडच्या दादांना उत्तर: प्रश्न टाकीचा आहे

दादा, तुमची प्रतिक्रिया वाचून दोन ओळींत उत्तर टाकणं मला बरं वाटलं नाही. म्हणून हे वेगळं लिहिते आहे.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. दिंडोरी तालुक्यात डोंगरउतारावर एका कुटुंबाची छोटी वायनरी आहे. तिथे आधी बाग फिरून आणि मग वाइन चाखून आल्यावर मी लेख लिहिला होता. त्यावर निफाडच्या या दादांनी लिहिलं, की मी दारूला शेतीचा सदरा घालते आहे, ‘घरची वायनरी’ म्हणत मुंबई-पुण्याच्या लोकांची सहल सजवते आहे, पाण्याचा विचार नाही आणि मजुरांचाही नाही. मग त्यांनी घरची हकीकत सांगितली. 2006 च्या सुमारास वडिलांनी थॉमसन या खाण्याच्या द्राक्षांची बाग काढून शिराझ ही वाइनची द्राक्षं लावली. सुरुवातीचा माल विकला गेला. पुढे माल घेणाऱ्या वाइन कंपनीनं तोड पुढे ढकलत नेली, शेवटी माल उचललाच नाही आणि आदल्या हंगामाचे पैसेही बुडाले. 2010 मध्ये बागेवर कुऱ्हाड चालवावी लागली. प्रतिक्रियेचा शेवट असा होता: “तुमचा लेख वाचून माझा मुलगा विचारतोय, वाइनची द्राक्षं लावू का? आता तुम्हीच सांगा, त्याला काय सांगू?”

हे उत्तर लांबतंय ते त्या शेवटच्या प्रश्नामुळे.

दारूचं आधी. वाइन ही दारूच आहे, यात मला काही शंका नाही. बाटलीत बारा-तेरा टक्के अल्कोहोल असतं. दारू पिण्याची कुठलीही पातळी आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं सुपर मार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असा सूर लावला गेला. तो मला तेव्हाही पटला नव्हता. शेतकऱ्याचं भलं सांगण्यासाठी अशा आडवाटेची गरज नसते. महाराष्ट्रात वाइन पिण्यासाठी वय 21 पूर्ण लागतं. ज्यांना प्यायची नाही त्यांनी पिऊ नये, आणि ज्यांच्या घरात दारूनं संसार मोडले आहेत त्यांच्यापुढे मी या विषयावर तोंडही उघडणार नाही. पण जी वाइन कायद्यानं बनते आणि विकली जाते, तिच्यातला पैसा बागेत राबणाऱ्याच्या हाती किती येतो, हा प्रश्न त्यामुळे संपत नाही. माझा लेख त्या प्रश्नावर होता आणि तुमच्या वडिलांची हकीकतही त्याच प्रश्नावर आहे.

तुमच्या भागात तेव्हा काय झालं, हे नव्या वाचकांना माहीत नसेल. 2001 मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, उत्पादन शुल्कात सूट दिली, विंचूर आणि पलूस इथे वाइन पार्क काढले. गावोगावी वायनऱ्या उभ्या राहिल्या, आणि त्यांना माल हवा म्हणून शेतकऱ्यांनी खाण्याच्या द्राक्षांच्या जागी शिराझ, कॅबरने, शेनिन ब्लां या वाइनच्या जाती लावल्या. 2008 मध्ये जगभर मंदी आली, नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि वाइनचा खप घसरला. वायनऱ्यांतल्या, रस आंबवायच्या टाक्या आधीच्या मालानं भरलेल्या, त्यात नवा हंगाम दारात. पहिला फटका शेतकऱ्याला बसला, कारण त्याच्याकडे थांबण्याची सोयच नव्हती.

तुम्हाला हे सांगायला नको, पण मुलाला जरूर सांगा: थॉमसनला वाटा अनेक असतात. निर्यात नाही जमली तर देशातला बाजार, तो पडला तर बेदाणा. वाइनच्या द्राक्षाला एकच वाट. मणी बारीक, साल जाड, आत बिया. बाजार समितीत त्याला कुणी हात लावणार नाही आणि त्याचा विकाऊ बेदाणाही होणार नाही. त्यात फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात साखर चढते, आंबटपणा उतरतो, आणि योग्य तोडीचे दिवस मोजकेच मिळतात. कंपनीनं ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हटलं की मणी वेलीवरच सुकायला लागतात, वजन घटतं, आणि दर किलोवर असल्यानं ती घट शेतकऱ्याच्या खिशातून जाते. तुमच्या वडिलांच्या पिकात काही खोट नव्हती. पीक त्यांचं होतं, टाकी दुसऱ्याची होती. सगळं तिथे फसलं.

म्हणूनच दिंडोरीचं ते कुटुंब मला महत्त्वाचं वाटतं. ‘घरची’ हा शब्द मी गोड दिसावा म्हणून वापरलेला नाही. बाग त्यांची, टाक्या त्यांच्या, आणि चाखायला येणाऱ्यासमोर बाटली ठेवणारा हातही घरचाच. एका बाटलीत सव्वा किलोच्या आसपास द्राक्षं जातात. तेवढ्या द्राक्षांचा शेतकऱ्याला मिळणारा दर आणि दुकानातल्या बाटलीची किंमत शेजारी ठेवून बघा. मधलं अंतर काच, बूच, कर, वितरक आणि दुकानदार यांत वाटलं जातं. बाटली घरच्या टेबलावरून विकली गेली, की वितरकाचा आणि दुकानदाराचा वाटा घरात राहतो. शिवाय दारू हा राज्यांचा विषय असल्यानं प्रत्येक राज्यात लेबलची वेगळी नोंदणी आणि वेगळं शुल्क असतं. लहान माणसाला ते झेपत नाही. त्याच्यासाठी बागेत येणारं गिऱ्हाईक हाच खरा बाजार. ज्यांना तुम्ही सहलीला आलेले मुंबई-पुण्याचे लोक म्हणता, त्यांच्या पैशावर त्या घराचं कर्ज फिटतं आहे. ते लोक तिथे आले याचा मला आनंद आहे.

आता त्या फेरफटक्याबद्दल. तुम्ही लिहिलंत, “बाग काय बघायची, आम्ही जन्मभर बघतोय.” खरं आहे. पण तुमची बाग निफाडच्या काळ्या जमिनीत मंडपावर होती. ही उतारावर आहे, आणि तिथला सगळा हिशोब निराळा आहे.

वरच्या टप्प्यावर माती वीतभर, खाली मुरूम. सप्टेंबरअखेरचा पाऊस तिथे थांबत नाही, त्यामुळे फळछाटणीनंतर कोवळ्या फुटीवर केवडा हा बुरशीचा रोग येण्याची भीती खालच्यापेक्षा कमी. वेल जोर धरत नाही, मणी लहान राहतो. खाण्याच्या द्राक्षात आपण मणी फुगावा म्हणून जिबरेलिक या वाढीच्या संजीवकात घड बुडवतो. इथे कुणी तसं करत नाही, कारण लाल वाइनचा रंग आणि चव सालीत असते, आणि मणी जितका लहान तितकं रसाच्या मानानं सालीचं प्रमाण जास्त. हे कुटुंब उलट घड काढून टाकतं आणि एकरी चार टनांच्या आसपास थांबतं. दहा टन काढायची सवय असलेल्या शेतकऱ्याच्या हाताला ही विरळणी जड जाते. घरातले आजोबा अजूनही त्या दिवशी बागेत येत नाहीत, असं त्यांच्या सुनेनं सांगितलं.

गार हवा जड असते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री ती उतारावरून खाली वाहत जाते आणि सखल भागात साचते. निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, त्या गारठ्यात मण्यांना तडे जातात आणि शेकोट्या पेटवाव्या लागतात, हे तुम्ही सोसलेलं आहे. उतारावर तो चटका जरा कमी बसतो, तरी दिवस-रात्रीच्या तापमानात फरक भरपूर राहतो. त्या फरकामुळे साखर भरत असतानाही आंबटपणा टिकतो, आणि पांढऱ्या वाइनचा जीव त्यातच असतो. ओळींच्या पूर्वेकडची पानं त्यांनी विरळ केली होती आणि पश्चिमेकडची राखली होती. सकाळचं ऊन घडाला चालतं, दुपारचं भाजून काढतं.

मग आम्ही आत गेलो. वरच्या टप्प्याचा शिराझ आणि खालच्या टप्प्याचा शिराझ ते वेगवेगळ्या टाक्यांत आंबवतात. दोन्ही शेजारी-शेजारी चाखले. खालचा मऊ, जांभळासारखा, पटकन आवडणारा. वरचा आकसलेला, तुरट, मागे मिरीची झाक सोडणारा. वेल तेच, छाटणी तीच, आंबवणारी बाईही तीच. मधे फक्त उतार आणि माती. आधी बाग चाललो नसतो तर मी खालच्यालाच चांगला म्हटलं असतं आणि विषय संपला असता. पायाखालचा मुरूम आठवत होता म्हणून वरच्याचा तुरटपणा कुठून आला ते कळलं. चाखलेला घोट न गिळता टेबलावरच्या भांड्यात थुंकतात, त्यावरून तुम्ही ‘नासाडी’ म्हणालात. पण पंचवीस-तीस मिलीचे पाच-सहा नमुने पूर्ण प्यायले तर शेवटच्याची चव समजत नाही आणि परत गाडीही चालवता येत नाही. मला तरी ते भांडं टेबलावरची सर्वांत शहाणी वस्तू वाटते.

पाण्याचं. ‘दारूसाठी पाणी’ हे ऐकायला वाईट लागतं, हे कबूल. पण संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या हिशोबात उसाला हंगामात 1500 ते 2500 मिलिमीटर पाणी लागतं आणि द्राक्षाला 500 ते 1200. वाइनच्या द्राक्षाला तर मणी रंगायला लागल्यावर मुद्दाम ताण देतात. वायनरीत टाक्या आणि फरशा धुण्यात बरंच पाणी जातं, त्याचा हिशोब प्रत्येक वायनरीनं द्यावा, ही तुमची मागणी मात्र रास्त आहे. आणि दिंडोरी हा वाघाड सिंचन प्रकल्पाचा तालुका आहे. तिथे शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था पाणी मोजून घेतात आणि त्याचे पैसे भरतात. त्या भागात पाण्यावर बोलणारे लोक आपल्यापेक्षा जास्त जाणतात.

मजुरांच्या बाबतीत तुमचं बोलणं मला सर्वांत जास्त लागलं. पेठ-सुरगाण्याहून टोळ्या येतात, छाटणी आणि विरळणी एकरावर उक्ती ठरते, बायका लेकरं घेऊन शेताच्या कडेला राहतात. हे वाइनच्या बागेत आहे तसं खाण्याच्या द्राक्षांतही आहे, टोमॅटोतही आहे. पण उतारावरच्या बागेत काम अधिक अवघड होतं. ट्रॅक्टर सगळीकडे जात नाही, क्रेट डोक्यावरून उतरवावे लागतात, आणि घड गार असताना तोडायचे म्हणून दिवस उजाडण्याआधी बॅटरीच्या उजेडात सुरुवात होते. चढावरच्या ओळीला सपाटीइतकाच दर देणं अन्याय आहे. या कुटुंबात वरच्या टप्प्याचा दर वेगळा आहे, हे मी टोळीतल्या बायकांनाच विचारून घेतलं. मालकांना विचारलं नव्हतं. त्या बायकांना राहायला पक्की खोली आणि संडास मात्र तिथेही नव्हता. बाहेरच्या पाहुण्यांसाठी टेबलं मांडण्याआधी ते व्हायला हवं, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं आणि इथेही लिहिते.

आता तुमच्या मुलाचा प्रश्न.

दादा, त्याला सांगा, कंपनीच्या भरवशावर एक ओळही लावू नकोस. लावायचीच असेल तर करार आधी, छाटणी नंतर. करारात नुसता दर असून भागत नाही. साखर कुणाच्या यंत्रानं आणि कुणासमोर मोजायची, अमुक ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, आल्यावर किती दिवसांत माल उचलायचा, उशीर झाला तर घटलेलं वजन कुणाच्या नावावर, आणि पैसे किती दिवसांत, हे सगळं लिहिलेलं हवं. काही रक्कम छाटणीच्या वेळेलाच हातात हवी. एवढं लिहून द्यायला जो तयार नाही, त्याच्यासाठी थॉमसन काढू नये.

स्वतःची टाकी घालायची म्हटलं तर त्याला शेतीखेरीज दुसरा धंदा शिकावा लागेल. थंडावा देणारी यंत्रणा, वीज गेली तर जनरेटर, उत्पादन शुल्क खात्याचे कागद, आणि लाल वाइन वर्षभर टाकीत ठेवण्याएवढं भांडवल. एक हंगाम विकला जायच्या आत दुसरा तोडायला येतो, म्हणजे दोन वर्षांचा पैसा अडकतो. त्या कुटुंबाची धाकटी मुलगी हे रीतसर शिकून आली आणि मगच त्यांनी पहिली टाकी घेतली. तोवर ते खाण्याची द्राक्षंच विकत होते, आणि खालच्या सपाटीवर आजही त्यांची थॉमसन उभी आहे. घर त्यावरच चालतं. उतारावरचा मुरूम तुमच्याकडे नाही, तुमच्याकडे काळी जमीन आहे, आणि त्या जमिनीत मी तरी त्याला शिराझ लाव म्हणणार नाही.

त्याला बघायचं असेल तर फेब्रुवारीत, तोड चालू असताना जाऊ दे. चाखायला नको, काम करायला. ते लोक त्याला हिशोबाची वही दाखवतील, मी त्यांना विचारून ठेवलं आहे.